बेचाळीस किलो भात

विद्यापीठाच्या वसतिगृहांचा बायोगॅस प्लँट मी गेली अकरा वर्षं सांभाळतो आहे. आयटीआय करून फिटर म्हणून लागलो आणि पंपांच्या कामावरून या टाकीवर आलो. पोरं मला ‘प्लँटवाले काका’ म्हणतात. गेल्या जानेवारीतले तीन दिवस अजून डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, खरकटं टाकलं की गॅस निघतो. टाकी हे पोट आहे, हे त्याला सांगावं लागतं. सकाळी सात वाजता मेसमधून ओला कचरा येतो: भाज्यांची देठं, साली, खरकटं. त्यातून मी हाताने लिंबाच्या फोडी, अंड्यांची टरफलं, हाडं, करवंट्या वेगळ्या काढतो. लिंबा-संत्र्याच्या सालीतलं तेल टाकीतल्या जिवाणूंना मारक असतं, आणि टरफलं तळाला साचून राहतात. उरलेला माल ग्राइंडरमधून काढायचा, तेवढंच पाणी घालायचं आणि आत सोडायचा. मग बाहेर येणाऱ्या स्लरीचा, म्हणजे पातळ काल्याचा, वास घ्यायचा. चांगल्या स्लरीला ओल्या मातीसारखा वास येतो. आंबट वास आला की समजायचं, पोट बिघडलं. पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची, पट्टी मी रोज बुडवतो, पण नाकाला ते पट्टीच्या आधी कळतं.

कारण साधं आहे. आत दोन जातींचे जिवाणू असतात. एक जात अन्न मोडून त्याचं आम्ल करते, दुसरी त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करते. पहिली झपाट्याने काम करते, दुसरी सावकाश, आणि थंडीत तर फारच सावकाश. एक बाई पोळ्या लाटते आणि दुसरी भाजते, तसं हे आहे. लाटणारीचा हात पाचपट चालला तर भाजणारीपुढे ढीग साचणारच. टाकीत साचतं ते आम्ल, आणि ते फार झालं की मिथेन करणारे जिवाणू कामच थांबवतात.

तर दोन वर्षांपूर्वी एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राची एक मुलगी माझ्याकडे आली. हरित समितीत होती. म्हणाली, “काका, तुमच्याकडे रोज किती खरकटं येतं?” मी म्हणालो, तीन ड्रम. “किलोमध्ये?” मला सांगता आलं नाही. नऊ वर्षं मी ड्रमनेच मोजत होतो. तिने भंगारातून एक प्लॅटफॉर्म काटा मिळवला, वजनं लावून दुरुस्त करून घेतला आणि ताटं ठेवायच्या जागेशेजारी मांडला. वर फळा टांगला. रोज रात्री साडेनऊला ती स्वतः किंवा तिच्या गटातलं कोणीतरी वजन करून खडूने आकडा लिही. शिवाय एक वही होती, तीत तारीख, जेवणारे, ताटातलं खरकटं, पातेल्यात उरलेलं आणि शेवटी ‘कारण’ असे रकाने होते.

त्या शेवटच्या रकान्याने मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नव्हतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं: पोरं माजलीत. बापाच्या पैशावर जेवतात, किंमत नाही. मीही तसंच म्हणायचो. दोन महिने वही भरल्यावर दिसलं की नऊनंतर जेवणाऱ्यांच्या ताटात चपात्या जास्त उरतात, कारण साडेसातला केलेल्या चपात्या तोवर वातड होतात. भात उरतो तो वाढप्याच्या हातातल्या मोठ्या डावामुळे, कारण एका डावात दोघांचा भात येतो आणि “थोडाच द्या” म्हणेपर्यंत तो ताटात पडलेला असतो. पातेल्यात उरलेलं सगळ्यात जास्त तेव्हा, जेव्हा एखाद्या विभागाची सहल गेलेली असते आणि मेसला कोणी कळवलेलं नसतं. पोरांच्या माजाचा त्या वहीत पुरावा सापडला नाही.

मग डाव बदलला, लहान आणला. शेवटच्या तासाच्या चपात्या नऊला ताज्या लाटायचं ठरलं. त्यासाठी मावशींची पाळी बदलावी लागली आणि त्यांनी ती आनंदाने बदलली असं मी म्हणणार नाही, पण बदलली. अर्धी चपाती मागायची सोय झाली. सहलीला जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी दुपारपर्यंत नाव द्यायचं. ताटातलं खरकटं नव्वद किलोवरून हळूहळू तीस-पस्तीसवर आलं. भाषण नाही, ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ची पाटी नाही. ती पाटी आमच्या मेसमध्ये आधीपासून होतीच, तेव्हाही नव्वद किलोच वाया जात होतं.

खरकटं घटलं तसा गॅस घटला. हे मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं आणि मी खूष होतो. पूर्वी साली-देठं धरून दोनशे किलोच्या आसपास माल यायचा, त्याचा सोळा-अठरा घनमीटर गॅस. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण अर्धा किलो एलपीजी, थोडा कमीच. म्हणजे दोन-अडीच दिवसांत एकोणीस किलोचा एक व्यापारी सिलिंडर वाचायचा. आता निम्म्यावर आलं. पण वाया न गेलेला तांदूळ, तो शिजवायचा गॅस, ते दळण, ती भाजी हे सगळं धरलं तर वाचलेलं कितीतरी जास्त होतं. खरकट्यापासून गॅस करणं चांगलंच, पण खरकटं न होणं त्याहून चांगलं. हे मी दोनदा टिपणी करून वर पाठवलं. उत्तर आलं नाही. मासिक तक्त्यात ‘गॅसनिर्मिती’ असा रकाना होता. न झालेल्या खरकट्याला रकाना नव्हता.

जानेवारीत मूल्यांकनाची समिती येणार होती. सोमवारी दुपारी चारला साहेबांचा फोन आला. साहेब वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगतो. वसतिगृहांवर सौर बंब त्यांनीच बसवून घेतले, भांडीधुणीचं पाणी बागेला वळवलं ते त्यांच्याच पाठपुराव्याने. रोज शंभर किलोच्या वर कचरा होणाऱ्या संस्थांवर २०१६ च्या घनकचरा नियमांनी वेगळी जबाबदारी टाकली, तेव्हा प्लँट बंद पडू दिला नाही तोही त्यांनीच. पण त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता. “टाकी खाली बसलीय. बुधवारी अकराला समिती प्लँटवर येणार. त्यांच्यासमोर बायोगॅसवर चहा करायचाय. ज्योत मोठी दिसली पाहिजे.” टाकी खाली बसली म्हणजे आत गॅस कमी; गॅस भरला की आमची वरची टाकी उचलली जाते.

मी म्हणालो, “साहेब, थंडी आहे, आणि माल कमी आहे. माल कमी आहे हीच तर सांगायची गोष्ट आहे. वही दाखवू.”

“वही कोण बघतं? पिठूळ अन्नाने गॅस लगेच होतो ना? मग भात टाका.”

ही माहिती त्यांना मीच दिली होती. पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांच्या आरती संस्थेने स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणारा छोटा बायोगॅस प्लँट केला, त्याला २००६ साली हरित ऊर्जेसाठीचा लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला, हे मी प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगतो. शेणातलं बरंचसं सत्त्व जनावराने आधीच घेतलेलं असतं, पिठूळ अन्नात ते अजून शाबूत असतं, म्हणून गॅस लवकर सुटतो. साहेबांनी त्यातलं ‘लवकर’ तेवढं लक्षात ठेवलं होतं.

“उरलेला भात एवढा नाही, साहेब.”

“मग शिजवा.”

मी “आंबेल” एवढं म्हणालो. ते म्हणाले, “दोन दिवसांचा प्रश्न आहे.” फोन ठेवला. मी नाही म्हणालो नाही. नोकरी गेली नसती. फार तर एक मेमो आला असता.

संध्याकाळी पंधरा किलो तांदूळ रोजच्या अंदाजाहून जास्त लावला गेला. मावशींनी पातेलं उतरवलं आणि मी म्हणालो, “जरा निवू द्या, गरम टाकला तर जिवाणू मरतात.” त्यांनी भात परातीत पसरला, नेहमी पंगतीला पसरतात तसा, उलथन्याच्या कडेने, शीत मोडू न देता. मग थांबल्या आणि विचारलं, “कोणासाठी निववायचा म्हणालात?” मी प्लँटकडे हात केला. त्या काही बोलल्या नाहीत. परात तिथेच ठेवून भांड्यांकडे निघून गेल्या. पुढचा भात मीच पसरला.

मी ढकलगाडीवर पातेली चढवत होतो तेव्हा साडेनऊ झाले होते. ती मुलगी काट्यापाशी होती. फळ्यावर आकडा लिहून झाला होता, एकतीस. आजवरचा सगळ्यात कमी. तिने पातेल्यात पाहिलं. वाफ अजून पूर्ण गेली नव्हती.

“काका, एवढा भात उरला?”

“उरला नाही.”

तिला समजायला एक क्षण लागला. मग म्हणाली, “हा मोजायचा का?”

माझ्याकडून उत्तर आलं नाही. तिने गाडी अडवली नाही, आवाज चढवला नाही. पातेली एकेक करून काट्यावर ठेवायला मला हातच लावला. पातेल्यांचं वजन वजा करून बेचाळीस किलो. ते फळ्यावर नाही, वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी जवळपास तेवढाच गेला. मंगळवारी संध्याकाळी टाकी इतकी वर आली होती की मी रंगवलेली सगळ्यात वरची खूण दिसत होती. साहेबांनी फोटो काढला, पाठीवर थाप मारली. मी स्लरीचा वास घेतला. आंबट. पट्टीचा रंग साडेपाच आणि सहाच्या मधला. रोज सात असते; आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. रात्री मी चुन्याची निवळी आणि शेजारच्या गोठ्यातून आणलेलं ताजं शेण आत सोडलं. एका रात्रीत त्याने काही होत नाही हे मला माहीत होतं, तरी सोडलं.

बुधवारी अकरा वाजता समिती आली. टाकी भरलेली होती, पण आत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होता, आणि तो जळत नाही, उलट ज्योत विझवतो. मी कॉक उघडला, काडी लावली. निळसर ज्योत उठली, शेगडीपासून सुटी झाली आणि विझली. दुसरी काडी, तेच. तिसरीला नुसता फुसकारा. साहेब पाहुण्यांना रोपवाटिकेकडे वळवायला लागले. समितीतले एक वयस्क प्राध्यापक मात्र मागे राहिले. ते इनलेटपाशी, म्हणजे माल आत सोडायच्या तोंडापाशी, वाकले, वास घेतला, बोटाने कडेला चिकटलेलं एक शीत उचललं आणि मला विचारलं, “पीएच किती?”

मी खरं सांगितलं.

“असा कशाने झाला?”

हरित समितीची पोरं चार पावलांवर उभी होती. तीही होती, वही छातीशी धरून. तिच्याकडे एकदाही न बघता मी म्हणालो, “थंडीने, सर.”

थंडी होतीच. पहाटे आमच्याकडे हुडहुडी भरत होती, आणि थंडीत प्लँट मंदावतो हे कुठलाही जाणकार मान्य करेल. त्यांनी ते शीत बोटावर तसंच धरलं होतं. मान हलवली आणि निघून गेले. त्यांना कळलं होतं की नाही, याचा मी आजवर शंभर वेळा विचार केला. पण वही तिथेच होती. ‘दाखव गं’ एवढंच मला म्हणायचं होतं. दीड वर्षाच्या नोंदी, डाव, चपात्या, नव्वदचे तीस, सगळं तिथे हाताच्या अंतरावर होतं, आणि विचारणारा माणूस त्यातलं कळणारा होता.

प्लँट ताळ्यावर यायला तीन आठवडे लागले. माल पूर्ण बंद, रोज थोडा चुना, एक दिवसाआड शेणाचा काला, टाकीभोवती गोणपाट. तोवर सगळा ओला कचरा खतखड्ड्यात गेला. त्या तीन आठवड्यांत ती मुलगी दोनदा पीएच बघायला आली. पट्टी बुडवली, रंग जुळवला, वहीत लिहिला. त्या बुधवारबद्दल तिने मला काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मे महिन्यात परीक्षा संपल्यावर तिने वही माझ्या हातात दिली. “काका, जूनमध्ये नवीन मुलांना द्या.” मी ती घरी नेऊन पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक नोंदीपुढे कारण आहे. ‘चपात्या वातड.’ ‘वांग्याची भाजी खारट.’ ‘भूगोलची सहल, कळवलं नाही.’ ‘मॅच होती, घाईत जेवले.’ जानेवारीतल्या त्या सोमवारपुढे पातेल्याच्या रकान्यात ४२ आहे, मंगळवारपुढे ४०, माझ्याच आकड्यावरून घेतलेला. दोन्हींपुढे कारणाचा रकाना कोरा आहे. ती विसरली नसणार. बाकी एकही रकाना तिने कोरा सोडलेला नाही.

यंदा वही घ्यायला दुसऱ्या वर्षाची दोन मुलं आली. त्यांतल्या एकाने पानं उलटता उलटता तिथेच बोट ठेवलं. “काका, इथे काय झालं होतं?” प्लँटच्या कट्ट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं, प्राध्यापकांच्या प्रश्नापर्यंत आणि माझ्या उत्तरापर्यंत. ऐकून झाल्यावर त्याने खिशातून पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. रकाना दीड इंचाचा आहे. मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी त्यात ‘भीती’ असं लिहिलं. मंगळवारच्या रकान्यातही तेच लिहिलं.