इम्प्लांटआधी हाड आणि हिरडी : माझा अनुभव

खालची पहिली दाढ काढून चार वर्षं झाली होती. सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये) हाडाची उंची पुरेशी निघाली, रुंदी मात्र जेमतेम 4 मिमी. 4.3 मिमी व्यासाचा इम्प्लांट (दाताच्या मुळाऐवजी हाडात बसणारा स्क्रू) बसवायचा तर गालाकडून दीड-दोन आणि जिभेकडून निदान 1 मिमी हाड शिल्लक राहायला हवं, म्हणजे एकूण साधारण 7 मिमी. दाढ काढल्यावरची झीज बरीचशी पहिल्या 3 ते 6 महिन्यांतच होते. खड्डा त्याच दिवशी भरून घेतला, तर तिला बराच आळा बसतो. माझं ते राहून गेलं होतं, म्हणून आता रुंदी वाढवायला हाड भरावं लागलं.

भरायचे दाणे पुष्कळदा गाईगुरांच्या हाडापासून केलेले असतात. चालत नसेल तर आधीच सांगा. मी कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम दाणे घेतले. जबड्याच्या मागच्या भागातून खरवडलेलं माझंच हाड त्यात निम्मं मिसळलं. जुन्या हाडाला बारीक भोकं पाडली, कारण तिथून रक्त आलं की नवं हाड धरायला मदत होते असं मानतात. वर कोलॅजनचा (एका प्रथिनाचा) विरघळणारा पडदा, दोन छोट्या पिनांनी घट्ट. दाणे हलत राहिले तर हाडाऐवजी नुसतं मऊ मांस भरतं.

खरी परीक्षा हिरडी मिटवण्याची. दाणे भरून आतला भाग फुगल्यावर ती अपुरी पडते आणि ओढून शिवली की आठवड्याभरात उसवते. म्हणून तिच्या आतल्या आवरणाला आडवा छेद देऊन ती सैल करतात. टाका उघडला, पडदा दिसू लागला, तर तो लवकर विरघळतो आणि दाणे बाहेर पडतात. तंबाखू आणि चढलेली साखर हेही जखम उघडायला कारण होतात.

सूज तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होती. दोन आठवडे 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश), दिवसातून दोनदा 10 मिली; खळखळून चूळ अजिबात नाही. भात मऊ आणि फोडणीशिवाय, कारण मोहरी टाक्यांत अडकते. त्या जागेवर काढती कवळी लावायची नाही. टाके चौदाव्या दिवशी निघाले.

सहा महिन्यांनी रुंदी 7 मिमी भरली, इम्प्लांट बसला. पण सैल करून ओढलेल्या हिरडीमुळे दाताभोवतीचा घट्ट, गुलाबी पट्टा 1 मिमीवर आला होता. तिथे ब्रश लावला की दुखतं, मग साफसफाई टळते. त्यासाठी टाळूवरून दीड मिमी जाडीचा तुकडा घेऊन शिवला. तो आक्रसतो, म्हणून मुद्दाम मोठा घेतात. टाळूची जखम हाडाच्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त झोंबली. त्यावर बसणारी पारदर्शक प्लेट आधीच करून ठेवली होती, म्हणून पहिल्या दिवसापासून जेवता आलं.