न्यूक्लिअर थ्रोन: कुठं मेलो आणि का, याची वही

न्यूक्लिअर थ्रोन हा कॉम्प्युटरवरचा गोळीबाराचा गेम, आणि आमच्या ओळखीत तो मनापासून खेळणारे चौघंच. एक लातूरला, एक नांदेडला, एक अंबाजोगाईला आणि मी परभणीत. नांदेडकराच्या मते हा सगळा नशिबाचा खेळ आहे. पेटीत चांगली बंदूक निघाली तर पुढं जाल, नाही तर वाळवंटातच आटोपलं. लातूरच्या मित्राला राग आहे तो मेल्यावर हाती काहीच उरत नाही याचा. वीस-पंचवीस मिनिटं खपून राजवाड्यापर्यंत जा, एक चूक करा, की पुन्हा तेच साधं रिव्हॉल्व्हर आणि तेच वाळवंट. अंबाजोगाईकर म्हणतो, बोटं चपळ लागतात, चाळिशीच्या माणसाला हे जमायचं नाही.

लातूरकराचं म्हणणं खरं आहे. हाती उरतात ती फक्त उघडलेली पात्रं आणि अशाच काही गोष्टी. ताकद वाढत नाही. मला मात्र तेच या गेमचं बळ वाटतं. बाकी दोघांचं मला पटत नाही, आणि त्याचं कारण 'डेली'. डेलीमध्ये त्या दिवशी सगळ्यांना एकच पात्र मिळतं, एकाच सूत्रातून तयार झालेले नकाशे मिळतात आणि खेळायची संधीही एकदाच. आम्ही काही आठवडे चौघांनी तीच डेली खेळून कुठं मेलो ते एकमेकांना कळवलं. सुरुवात सगळ्यांची सारखीच असायची, तरी एक जण १-३ मध्ये (म्हणजे पहिल्या जागेच्या तिसऱ्या टप्प्यात) संपायचा, एक गटारात आणि एक थेट ५-२ पर्यंत जायचा. नशीब जवळजवळ सारखं असताना एवढा फरक पडतो, तर कारण दुसरीकडं शोधायला हवं. तेव्हापासून मी प्रत्येक रननंतर (म्हणजे सुरुवातीपासून मरेपर्यंतच्या एका डावानंतर) वहीत चार रकाने भरायला लागलो: कुठं मेलो, कशानं मेलो, हातात काय होतं, आणि मरायच्या आधी पाच सेकंद काय करत होतो. सिंहासनापर्यंत मी पोचलो तो त्या चौथ्या रकान्यामुळं.

नवीन माणसासाठी थोडक्यात सांगतो. गेम बनवला व्लाम्बीरनं, रामी इस्माईल आणि यान विलेम नाइमान या दोघांनी काढलेल्या डच स्टुडिओनं. गेम पूर्ण स्वरूपात आला डिसेंबर २०१५ मध्ये. त्याआधी दोनेक वर्षं तो घडत असतानाच लोकांच्या हातात होता. जग संपलेलं आहे, उरलेत ते किरणोत्सारानं बदललेले जीव. रस्ता असा: वाळवंटाचे तीन टप्पे, गटाराचा एक, भंगारवाड्याचे तीन, स्फटिकांच्या गुहांचा एक, गोठलेल्या शहराचे तीन, प्रयोगशाळेचा एक आणि राजवाड्याचे तीन. एकूण पंधरा टप्पे, शेवटी सिंहासन. शत्रू मेला की हिरवे कण पडतात, ते रॅड. ते पुरेसे जमले की लेव्हल वाढते, आणि पुढच्या टप्प्याआधी समोर आलेल्या चार म्युटेशनांतलं, म्हणजे पात्राला मिळणाऱ्या नव्या गुणांतलं, एक निवडायचं.

गेम हलका आहे, जुन्या लॅपटॉपवरही नीट चालतो. टचपॅडवर मात्र खेळू नका. नेम आणि पळणं एकाच वेळी सांभाळायचं असतं, त्यामुळं साधा वायरचा माऊस हवाच. डाव्या क्लिकवर गोळी, उजव्या क्लिकवर पात्राची खास शक्ती, स्पेसवर शस्त्र बदल, ई दाबून उचल. रन मधेच सेव्ह होत नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा आणि एका रनला सलग अर्धा तास धरा. आणखी एक बदल पहिल्याच दिवशी करा: सेटिंगमध्ये स्क्रीनशेक बराच खाली आणा. गोळी झाडली की सगळा पडदा हादरणं ही व्लाम्बीरची ओळखच आहे, आणि हात बसल्यावर ते फार छान वाटतं. पण शिकताना त्या हादऱ्यात समोरून येणारी गोळी दिसत नाही. माझ्या वहीत 'गोळी दिसलीच नाही' असं वारंवार यायचं. स्क्रीनशेक कमी केल्यावर ते जवळजवळ थांबलं.

पात्र घ्या क्रिस्टल. बाकी बहुतेकांना आठ हेल्थ असते, क्रिस्टलला दहा, आणि उजव्या क्लिकवर ढाल होते. त्या ढालीवर आलेली गोळी उलटून शत्रूकडं जाते. ढालीत असताना हलता येत नाही एवढंच. फिश पण चांगला, त्याला गोळ्या जास्त मिळतात आणि लोळण घेऊन सुटता येतं. मेल्टिंगला दोनच हेल्थ, त्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका.

आता शस्त्रांचं. गोळ्यांच्या पाच जाती आहेत: बुलेट, शेल (शॉटगनची काडतुसं), बोल्ट (क्रॉसबोचे बाण), स्फोटकं आणि एनर्जी. बुलेट जास्तीत जास्त २५५ ठेवता येतात, बाकी प्रत्येक जात ५५. हातात दोन शस्त्रं राहतात, आणि इथं बहुतेकांची गफलत होते. मशीनगन हाती लागली, पुढच्या पेटीत तिच्याहून भारी मशीनगन निघाली, तर दोन्ही घेऊन चालतात. दोन्ही बुलेटवरच चालतात, म्हणजे एक डबा रिकामा झाला की दोन्ही हात रिकामे. पडणाऱ्या गोळ्या बहुतेक हातातल्या शस्त्रांच्या जातीच्याच असतात, म्हणून दोन जाती ठेवल्या की एक संपेपर्यंत दुसरी भरत राहते. माझी ठरलेली जोडी म्हणजे गर्दीसाठी शॉटगन किंवा मशीनगन, आणि एकट्या मोठ्या शत्रूसाठी क्रॉसबो. शॉटगनचे छर्रे भिंतीवर आपटून उसळतात, म्हणून कोपऱ्यापलीकडं उभा असलेला शत्रू न दिसताही मरतो. हे लक्षात आल्यावर अरुंद बोळ मला आवडायला लागले. पाना, फावडं ही हातघाईची शस्त्रंही हलकी समजू नका. योग्य क्षणी फिरवलं तर शत्रूची गोळी परतवतात आणि गोळ्या खर्च होत नाहीत. डिस्क गन मात्र मी उचलतच नाही. तिची चकती भिंतीवरून परत येऊन आपल्यालाच कापते. ग्रेनेडचंही तसंच, स्वतःच्या स्फोटानं आपली हेल्थ भरपूर जाते.

चौथ्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य होतं: 'पडलेलं उचलायला धावत होतो.' रॅड, औषधाचे डबे, गोळ्या, सगळं थोडा वेळच टिकतं. लुकलुकायला लागलं की जीव कासावीस होतो आणि माणूस आडोसा सोडून उघड्यावर धावतो. औषधाचा डबा दोन हेल्थ देतो. तो घ्यायला जाऊन तीन गेल्या तर आपण एकाच्या तोट्यात. आता मी आधी पडद्यावरचे शत्रू मोजतो. दोनपेक्षा जास्त जिवंत दिसले तर डबा गेला तरी चालेल. एवढ्या एका सवयीनं माझा सरासरी टप्पा वाळवंटातून भंगारवाड्यात गेला.

दुसरी सवय टप्प्याच्या सुरुवातीची. उतरलो की लगेच पुढं पळायचं नाही. आसपास एक भिंत पकडायची, एकदा झाडायचं आणि मागं सरकायचं. आवाज करून शत्रूंना साफ केलेल्या जागेत येऊ द्यायचं. वाळवंटातल्या साध्या शत्रूची, म्हणजे बँडिटची, गोळी संथ असते, एका बाजूला पाऊल टाकलं तरी चुकते; पण चार बाजूंनी चार गोळ्या आल्या तर पाऊल टाकायला जागाच उरत नाही. मागची बाजू मोकळी असली की जागा उरते. चपळ बोटांपेक्षा जागा राखणं महत्त्वाचं, म्हणूनच अंबाजोगाईकराशी मी वाद घालतो.

१-३ मध्ये बिग बँडिट येतो. तो सरळ रेषेत धाव घेतो आणि भिंती फोडत येतो, म्हणून भिंतीमागं लपून उपयोग नाही. धाव घेताना आडवं सरका, थांबला की झाडा. गटारात बेडूक जवळ फुटले की हिरवा विषारी वायू सोडतात. तो विरेपर्यंत लांब थांबा आणि मगरींच्या शॉटगनसमोर जवळ जाऊ नका. एवढं केलं की गटार संपलं.

भंगारवाड्यात माझी बरीच मरणं आहेत, आणि जवळपास सगळी गाड्यांशेजारची. तिथल्या जुन्या गाड्या आडोसा वाटतात, पण गोळ्या लागल्या की फुटतात. स्नायपर आधी लाल रेषेनं नेम धरतो, मग झाडतो. ती रेष अंगावर आल्यावर माणूस सवयीनं जवळच्या वस्तूमागं जातो, ती वस्तू गाडी असते, आणि स्नायपरची गोळी नाही तर गाडीचा स्फोट जीव घेतो. म्हणून भंगारवाड्यात उतरल्यावर गाड्या लांबूनच फोडून टाका. दोन-चार गोळ्या जातात, पण आडोसा म्हणून फक्त भिंती उरतात. जमिनीवर मेल्यासारखे पडलेले काही जण प्रत्यक्षात मारेकरी असतात, जवळ गेल्यावर उठतात. ज्याला आपण मारलेलं आठवत नाही त्या देहावर आधी एक गोळी. ३-३ चा बिग डॉग गरगर फिरत गोळ्यांचा पाऊस पाडतो. त्याच्याशी लांबून क्रॉसबोनं लढा आणि तो मरताना आणखी लांब जा, कारण तो मरतानाही फुटतो.

स्फटिकांच्या गुहेत एकच टप्पा, पण लेझर क्रिस्टल कितीही हेल्थ क्षणात संपवतात. लेझर सोडायच्या आधी ते थबकून ताकद साठवताना दिसतात. त्या अर्ध्या क्षणात नेम धरू नका, भिंतीआड व्हा. लेझर भिंतीपलीकडं येत नाही. लेझर थांबले की लगेच बाहेर येऊन दोन बोल्ट मारा, पुन्हा आत. घाई केली की मेलोच.

म्युटेशनवर आमचे सगळ्यात जोरात वाद होतात. लातूरकर डोळे झाकून ऱ्हायनो स्किन घेतो, त्यानं हेल्थ चारनं वाढते. वाईट नाही. पण माझा अनुभव असा की हेल्थ वाढवण्यापेक्षा मार कमी खाण्याची सोय आधी करावी. युफोरियानं शत्रूंच्या गोळ्या मंद होतात, स्केरिअर फेसनं शत्रूंची हेल्थ कमी होते. स्ट्राँग स्पिरिट एकदा मरणातून वाचवतं, ते दिसलं की घ्यायचंच. शस्त्रांशी जोडलेली म्युटेशनं हातात काय आहे ते पाहून घ्या: मशीनगन असेल तर रिसायकल ग्लँड, कारण लागलेल्या बऱ्याच बुलेट परत मिळतात, क्रॉसबो असेल तर बोल्ट मॅरो, बोल्ट आपणहून शत्रूकडं वळतात. पुढं कधीतरी शॉटगन मिळेल या आशेवर शॉटगन शोल्डर्स घेऊन ठेवणं ही माझी जुनी चूक. ती शॉटगन अनेकदा आलीच नाही.

गोठलेल्या शहरात सगळ्यांचा घोटाळा ५-३ ला होतो. लिल हंटर वरून उतरतो, जेटपॅकवर उडत जागा बदलतो. त्याच्यासाठी उसळणाऱ्या छर्ऱ्यांपेक्षा झटकन लागणारं शस्त्र हवं. आणि तो मेला असं वाटल्यावर थांबू नका. मरताना तो भरकटत उडतो आणि कुठंतरी आदळून फुटतो. तिथं दोनदा मेलोय, दोन्ही वेळा पडलेले रॅड गोळा करताना. प्रयोगशाळेत नेक्रोमान्सर मेलेल्यांना उठवतात, म्हणून आधी ते, मग बाकीचे.

राजवाड्यात गोळ्या वाचवत जा, कारण ७-३ चं सिंहासन भरपूर मार खातं. ते लांब दालनाच्या टोकाला असतं, आपल्याकडं सरकत येतं आणि मधून प्रचंड झोत सोडतं. त्याच्या अगदी समोर उभं राहायचं नाही. तिरप्या कोनात राहून बोल्ट किंवा एनर्जीचं शस्त्र चालवायचं, झोत सुरू झाला की आडवं पळायचं, आणि मागं हटायला जागा राहील एवढं अंतर सुरुवातीपासून ठेवायचं. मागची भिंत पाठीला लागली की खेळ संपला.

सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना मिळून चार जनरेटर आहेत. ते तसेच ठेवून सिंहासन हरवलं तर त्यावर बसता येतं आणि रन तिथंच पूर्ण होते. चारही आधी फोडले तर लूप सुरू होतो, म्हणजे तोच रस्ता पुन्हा, शत्रू जास्त आणि निळ्या दारांतून उतरणारे पोलिसही. पहिल्यांदा पोचाल तेव्हा जनरेटरांना हात लावू नका, बसून घ्या. नांदेडकराचं मत उलटं आहे, तो म्हणतो पोचलोच आहोत तर लूप करावा. माझ्या वहीत मात्र लूपमधल्या पहिल्या वाळवंटाच्या सगळ्या नोंदींत चौथ्या रकान्यात एकच गोष्ट आहे: निळं दार उघडताना मी त्याच्या शेजारी उभा होतो. सध्या दार दिसलं की निम्मा पडदा लांब जायचं, एवढाच सराव चालू आहे.