तुम्ही विचारलंत म्हणून: सही मीच केली

यात्रेला मुंबईहून आलेली माझीच जुनी पोरं पाया पडतात आणि उठता उठता विचारतात, "बाई, शाळा बंद करायच्या कागदावर सही का केलीसा?" दरवर्षी मी चहा टाकायला आत जाते. यंदा लिहूनच टाकते.

आपल्या शाळेची ती एकच खोली तुम्हाला मी काय सांगायची! पहिलीला पाटीवर गिरवायला द्यायचं, तोवर तिसरीची वजाबाकी, आणि चौथीतली एखादी हुशार पोरगी पहिलीवर नेमायची. पाटणच्या डोंगरातल्या वाड्या अशाच शिकल्या. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ ला कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९३५ ला साताऱ्यात शिक्षक घडवायचं कॉलेज काढलं, मग खेड्यापाड्यांत संस्थेच्या व्हॉलंटरी शाळा उघडत गेल्या. माझे सासरे मारुतीच्या देवळात शिकले, देवाकडं पाठ करून बसायचं नाही म्हणून तिरके बसायचे. १९८७ ला खडू-फळा मोहीम आली, दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळणार म्हणाले. आमच्याकडं खडू आले.

शेवटच्या वर्षी पट तीन होता. वरून दबाव होता म्हणून हात झटकता येतील, आणि दबाव होताही. पण बदलीचा अर्ज मी आधीच दिला होता. माझा मुलगा कराडला इंग्रजी शाळेत होता, हेही खरं. तुम्ही विचारत नाही, पण मनात असतं ते. मग मीही विचारते, तुमची पोरं कुठल्या शाळेत आहेत?

त्या कागदावर एक रकाना होता, 'जवळच्या शाळेचे अंतर'. नियमानं ते एक किलोमीटरच्या आत हवं. मोजायला साहेब आले ते मे महिन्यात. आम्ही दोघं ओढ्यातून चालत गेलो. ओढा ठणठणीत कोरडा, दगड चपलेतून चटके देत होते. मध्येच करंजाच्या सावलीला थांबून साहेबांनी माझ्याच बाटलीतलं पाणी घेतलं. पलीकडच्या शाळेच्या पायरीवर त्यांनी मोबाईल बघितला, "आठशे सत्तर मीटर. लिहा." जुलैत त्याच ओढ्यातून मी पोरं कडेवर घेऊन आणलीत. पाणी चढलं की सडकेनं तीन किलोमीटरचा फेरा. "साहेब, पावसाळ्यात..." एवढंच तोंडातून निघालं. ते हसले. चांगला माणूस होता, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "बाई, रकान्यात पावसाळा नाही." मी ८७० लिहिलं. सही केली. शिक्का नीट उमटला नाही म्हणून फुंकर मारून दुसऱ्यांदा मारला.

तेव्हा मी स्वतःला सांगायची, तीन पोरांत लंगडीला गडी पुरत नाहीत, तिकडं वर्गाला वेगळे शिक्षक आहेत. ते खोटं नव्हतंच. दोघं तिकडं रुळली, त्यातला एक शिष्यवृत्तीला बसला. आजही कुणी पट तीनची शाळा चालवा म्हटलं तर मी लगेच हो म्हणेन असं नाही.

तिघांतली उरलेली पोरगी चौथीत जाणारी होती. आषाढात ती ओढ्याच्या काठावरून माघारी आली, दप्तर डोक्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल. चार दिवस तसंच झालं, मग बापानं तिला तासगावकडं मामाकडं धाडली. पुढं शिकली का, मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

मध्यंतरी कुणबी नोंदी शोधायला लोक आले, तेव्हा आमचं जनरल रजिस्टर केंद्रशाळेच्या कपाटातून बाहेर निघालं. जुन्या पानांवर निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा, गुरुजींनी ठरवलेला. त्याला मी हसले आणि शेवटचं पान उलटलं. तिच्या नावापुढं 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात होतं: पालकांच्या विनंतीवरून.