कोची: मट्टनचेरीहून चेरलाईपर्यंत

एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यावरून वॉटर मेट्रो पकडली आणि फोर्ट कोचीला उतरलो. टॅक्सी करू नका. बंदराच्या गावात पाण्यावरूनच शिरावं. वाटेत डावीकडे विलिंग्डन बेट लागतं. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून ते विसाव्या शतकात उभं राहिलं. मूळ बंदरही पाण्यानेच घडवलं. १३४१च्या महापुरात मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने बुजलं आणि कोचीचं मुख मोकळं झालं, असं मानतात.

चीनवला, म्हणजे चिनी जाळी, पहाटे बघा. दगडांच्या वजनावर तोललेलं ते अवाढव्य जाळं चार-सहा माणसं दोर ओढून वर घेतात. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामाला १५२४मध्ये इथेच पुरलं होतं. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, थडग्याची जागा तेवढी राखली आहे.

मट्टनचेरीला मात्र अख्खा दिवस द्या. 'डच पॅलेस' मुळात पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिला, डचांनी नंतर दुरुस्त केला. आतली रामायणाची भित्तिचित्रं बघताना मी तासभर हललो नाही. हा राजवाडा शुक्रवारी बंद असतो, तर १५६८चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी. शुक्रवारी दुपारनंतर तेही मिळत नाही. म्हणून रविवार ते गुरुवारच ठरवा. सिनेगॉगमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि ते बरंच आहे. पायाखाली हाताने रंगवलेल्या निळ्या चिनी फरशा आहेत.

पण माझ्यासाठी कोची म्हणजे चेरलाई. बहुतेक पर्यटक सिनेगॉगच्या परिसरातल्या ज्यू टाउनवरूनच परततात, तुम्ही पुढे या चेरलाई वस्तीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली कोकणी कुटुंबं इथे वसली. तिरुमला देवस्वम हे त्यांचं देऊळ. पुरुषांनी सदरा काढायची तयारी ठेवावी. कोचीच्या कोकणी लोकांची खूण एका जुन्या ग्रंथातही सापडते. डच गव्हर्नर व्हान ऱ्हेड यांनी मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. १६७८मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात या तिघांचं प्रमाणपत्र आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत! देवळाबाहेर फुलं घेताना शेजारच्या दोन आजींची कोकणी कानावर पडली. अर्धीअधिक कळली. मी तिथेच थांबून ऐकत राहिलो.