काळ्या पडद्यासमोर

एका दाखल्यासाठी आज तीन तास खिडकीसमोर उभा. ‘साहेब जेवायला गेलेत.’ पिशवीत केन केसीची ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ ही मनोरुग्णालयावरची १९६२ची कादंबरी होती, म्हणून निभावलं. नर्स रॅचेड टीव्ही बंद करते, तरी मॅकमर्फी हा पठ्ठ्या काळ्या पडद्यासमोर बसून राहतो, आणि एकेक रुग्ण येऊन शेजारी बसतो!

मला मात्र अण्णाभाऊंचा फकिरा (१९५९) आठवत राहिला. तो भुकेल्या माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटतो, आणि शेवटी आपल्या माणसांसाठीच स्वतः इंग्रजांसमोर हजर होतो. मॅकमर्फी तर तुरुंगाच्या शेतावरची मजुरी चुकवायला वेडाचं सोंग घेऊन आलेला. बंड नंतर अंगात भिनलं. मला मॅकमर्फीच जवळचा वाटतो, खरं सांगायचं तर.

साहेब चारला आले. मी मुकाट सही घेतली, वर ‘थँक्यू सर’ही म्हणालो.