स्कायलेकच्या ग्राफिक्स काउंटरची रजिस्टर्स भरताना: माझा अनुभव

इंटेलच्या सहाव्या पिढीतल्या, म्हणजे स्कायलेक प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचे हार्डवेअर काउंटर, म्हणजे चिपमध्ये काय किती वेळा घडलं ते मोजणारे भाग, मी लिनक्सच्या आय९१५ या इंटेल ग्राफिक्स ड्रायव्हरवर सुरू केले. या कामात एक गोष्ट सारखी लक्षात ठेवावी लागते. रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या सेटिंगच्या जागेत, चुकीची किंमत गेली तरी काउंटर आकडे देतच राहतो. एरर येत नाही, मशीन अडकत नाही. म्हणून रजिस्टर्स भरण्याइतकाच वेळ आकडा पडताळायला ठेवावा.

एका कॉन्फिगरेशनमध्ये रजिस्टर्सचे तीन गट असतात. मक्सचा (सिग्नल निवडणाऱ्या स्विचचा) गट चिपभर पसरलेल्या सिग्नलांपैकी कोणते काउंटरपर्यंत आणायचे ते ठरवतो. त्यातल्या बहुतेक ओळी हेक्स ९८८८ या एकाच पत्त्यावर लिहिल्या जातात. पत्ता तोच दिसतो म्हणून ओळी गाळू नयेत, क्रमही हलवू नये. प्रत्येक ओळीतली किंमत वेगळं काम करते. दुसरा गट बूलियन रजिस्टर्सचा, म्हणजे ट्रिगर आणि कस्टम इव्हेंट. हे पत्ते हेक्स २७१० ते २७एसी या पट्ट्यात येतात. तिसरा फ्लेक्स, म्हणजे काय मोजायचं ते बदलता येणाऱ्या काउंटरचा: ई४५८ पासूनची सात रजिस्टर्स, प्रत्येकी दोन काउंटर, मिळून ए७ ते ए२० हे १४.

या याद्या मेसा या मुक्त ग्राफिक्स सॉफ्टवेअरच्या एक्सएमएल फायलींमध्ये मिळतात, पण जीटी२, जीटी३ आणि जीटी४ या ग्राफिक्सच्या लहान-मोठ्या प्रकारांच्या फायली वेगळ्या आहेत. आपली चिप कोणती, हे आधी पक्कं करावं.

लिनक्स ४.१४ पासून यादी बाहेरून चढवता येते. ३६ अक्षरांचा यूयूआयडी (यादीची एकमेव ओळख), तिन्ही गटांतल्या नोंदींची संख्या आणि पत्ता-किंमत अशा ३२-३२ बिटांच्या जोड्या द्यायच्या. ड्रायव्हर एक आयडी परत देतो. परवानगी नसलेला पत्ता आला की 'ईइनव्हॅल' ही एरर मिळते. तोच यूयूआयडी दुसऱ्यांदा चढवला तर 'ईॲड्रइनयूज'. रूट नसताना 'ईॲक्सेस' आलं तर 'परफ स्ट्रीम पॅरानॉइड' ही सेटिंग १ वर आहे, ती ० करावी. स्ट्रीम, म्हणजे काउंटरचे रिपोर्ट वाचायचा मार्ग, उघडताना 'ईबिझी' दिसलं तर दुसरा कोणीतरी काउंटरचं युनिट वापरतोय. एका वेळी एकच स्ट्रीम चालते.

सॅम्पल, म्हणजे काउंटरचा एक रिपोर्ट, किती वेळाने घ्यायचं ते आपण दिलेला एक्स्पोनंट हा आकडा ठरवतो. स्कायलेकचं टाइमस्टॅम्प घड्याळ १२ मेगाहर्ट्झचं, म्हणजे एक ठोका ८३.३३ नॅनोसेकंदांचा. एक्स्पोनंटमध्ये एक मिळवून दोनाचा तेवढा घात काढायचा आणि ठोक्याने गुणायचं. १३ दिला तर १६,३८४ ठोके, सुमारे १.३६५ मिलिसेकंद. ६ दिला तर १०.६७ मायक्रोसेकंद, याच्या खाली गेलं की एक लाख हर्ट्झची डीफॉल्ट मर्यादा ओलांडली जाते. शिवाय बफर १६ एमबीचा आणि रिपोर्ट २५६ बाइटचा, म्हणजे ६५,५३६ रिपोर्ट. ६ वर तो ०.७ सेकंदात भरतो. वाचणारा धागा मागे पडला की बफर हरवल्याची नोंद येते, ती दिसल्यावर आधीच्या रिपोर्टशी वजाबाकी करू नये. सुरुवातीला १३च ठेवावा.

मक्सच्या किमती लिहिल्या की लगेच लागू होत नाहीत. जुन्या कर्नलमध्ये यासाठी १५ ते २० मिलिसेकंद थांबायची सोय होती, पुढे ती ५०० मायक्रोसेकंदांवर आली. स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये हे लिहिणाऱ्याने हा थांबा कधीही काढू नये, नाहीतर पहिले रिपोर्ट जुन्या सिग्नलचे येतात. स्ट्रीम उघडी असेपर्यंत चिपला आरसी६ झोपेत जाऊ देऊ नये, कारण त्या झोपेत युनिटमधली स्थिती पुसली जाते. आय९१५ हे स्वतःच सांभाळतो.

रिपोर्ट वाचताना ए० ते ए३१ हे ४० बिटांचे आहेत हे विसरू नये. खालचे ३२ बिट (शून्यापासून मोजून) चौथ्या डीवर्डपासून, म्हणजे ३२ बिटांच्या शब्दापासून, ओळीने आहेत, वरचे ८ बिट मात्र वेगळे, १६०व्या बाइटपासून. ते जोडले नाहीत तर मोठा काउंटर मध्येच उलटा पळाल्यासारखा दिसतो.

आता पडताळणी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि कूलरसमोर ठेवलेला लॅपटॉपसुद्धा ग्राफिक्सची फ्रीक्वेन्सी खाली आणतो. म्हणून सिसएफएस या कर्नलच्या सेटिंग फायलींमधून किमान आणि कमाल फ्रीक्वेन्सी दोन्ही ६०० मेगाहर्ट्झ करून घ्यावेत. एक्स्पोनंट १३ असताना दोन रिपोर्टमध्ये ग्राफिक्सच्या स्वतःच्या घड्याळाच्या ८,१९,२०० क्लॉक टिक यायला हव्यात. कमी आल्या तर चिप गरम होऊन मंदावली आहे. अशा वेळी तुलना सेकंदांवर नको, टिकांवर करावी. मी तर थंड खोलीतही टिकांवरच करतो.

त्यानंतर डेस्कटॉप बंद करून नुसत्या कन्सोलवर १९२० बाय १०८० चा पडदा एकाच मोठ्या त्रिकोणाने भरावा. दोन त्रिकोण घेतले की मधल्या कर्णावरच्या पिक्सेलची शंका उरते. ए२१ हा रास्टराइझ झालेले पिक्सेल चार-चारच्या गटाने मोजतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला ५,१८,४०० ने वाढायला हवा.

पण हा आकडा जुळला म्हणजे मक्स बरोबर असं होत नाही. ए२१ मक्सवर अवलंबून नाही. मक्सची चूक रिपोर्टमधल्या बी आणि सी या काउंटरांच्या गटांतच दिसते. काम चालू असताना ते शून्यावर राहिले, किंवा कामाचा भार दुप्पट केला तरी हलले नाहीत, तर बहुधा दुसऱ्या जीटीची यादी चढलेली असते. जुना आयडी काढून टाकावा आणि योग्य फायलीतली यादी नव्या यूयूआयडीने पुन्हा चढवावी.