कवेलूपासून स्लॅबपर्यंत: आमची वाटचाल

बाबा नागपूरच्या महाल भागात कवेलू फेरायचे, म्हणजे छपरावरची कौलं काढून परत नीट बसवायचे. मे अर्धा झाला की बोलावणी सुरू, माकडांनी अर्धे कवेलू फोडलेलेच असायचे. मी हाताखाली, काम एकच, फाटे, म्हणजे कवेलूंखालची लाकडं, टोचून पाहायचे. स्क्रूड्रायव्हर आत गेला म्हणजे वाळवी, फाटा बदला, नाही गेला तर नुसते कवेलू फेरा. मग जुनी घरं पडून स्लॅब आले आणि आम्ही वॉटरप्रूफिंगकडे वळलो.

सुरुवातीलाच फसलो. एका काकाजींच्या छताचं प्लास्टर आतून पापुद्र्यासारखं सुटत होतं, आणि मी वरून केमिकलचे दोन कोट मारून मोकळा. गळणं थांबलं खरं, पण पुढच्याच वर्षी काँक्रीटचं ढेकूळ पलंगावर पडलं, नशीब दुपारी कोणी झोपलं नव्हतं. आतली सळई आधीच गंजली होती, आणि सळई गंजली की फुगते, फुगली की काँक्रीटला ढकलते, मग वरून काय वाट्टेल ते लावा. पैसे परत केले, बाबा आठ दिवस बोलले नाहीत. त्यांचं टोचून पाहणं मी विसरलो होतो ना.

तेव्हापासून मी आधी खालून हातोडीनं ठोकतो. टण वाजलं तर रिपेअर, भद्द वाजलं तर तिथलं फोडून सळई बघायची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर, त्या तापल्या छतावर एकदम पाऊस पडतो, बारीक भेगा तर पडणारच, त्या भरून कोब्याचा, म्हणजे स्लॅबवरच्या थराचा, ढाळ नीट केला की बहुतेक काम होतं. पण सळई जागोजागी खाऊन अर्धी झाली असेल तर मी रिपेअरचं कोटेशनच देत नाही, आधी इंजिनिअरला दाखवा म्हणतो, गिऱ्हाईक गेलं तर गेलं. 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला त्यानंतर फोन लय आले, प्रत्येकाला स्लॅबच बदलायचा, निम्म्यांचा तर फक्त पाईपच चोंदलेला.

मागच्या मे महिन्यात धरमपेठेतल्या एक काकू म्हणे, छत गळतंय, पाडून नवीन टाका. मी म्हटलं काकू, पाऊस कुठंय? वर जाऊन पाहतो तर कुलरचा फ्लोट गेलेला, रात्रंदिवस पाणी टपकून खाली तळं साचलेलं. फ्लोट बदलला, चार दिवसांनी छत कोरडं. आता उन्हाळ्यात फोन आला की आमचा पोट्टा पहिले हेच विचारते, कुलर कुठं ठेवलाय?